वेग कोणाच्या मालकीचा?

वैमानिकाला इतका पगार का, असे विचारले की दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, जबाबदारी मोठी. दुसरे, बाजारात वैमानिक थोडे. या दोन्हींनी माझे समाधान कधी झाले नाही. १९३२ सालच्या अमेरिकेत जबाबदारी आजच्याहून कमी नव्हती आणि वैमानिकांचा तर तुटवडा नव्हताच. मंदीमुळे विमान चालवू शकणारी कितीतरी माणसे बेकार होती.

शिकागोच्या ‘सेंच्युरी एअर लाइन्स’चा मालक ई. एल. कॉर्ड याने नेमका हाच हिशेब मांडला. मूळचा मोटारींच्या धंद्यातला हा गृहस्थ. फेब्रुवारी १९३२ मध्ये महिन्याला साडेतीनशे डॉलरांच्या घरातला पगार त्याने दीडशेपर्यंत खाली आणायला घेतला. ज्यांना परवडत नाही त्यांनी जावे. बाजारभाव पाहिला तर त्याचे काही चुकत नव्हते. जुने वैमानिक बाहेर पडले, तशी त्यांच्या जागी दुसरे मिळालेही.

‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. तिचा अध्यक्ष डेव्हिड बेन्की याने हा लढा विमानतळावरून वॉशिंग्टनला नेला. कॉर्डचा डोळा टपालाच्या सरकारी कंत्राटावर होता, कारण त्या काळात विमान कंपन्या तिकिटांपेक्षा टपालाच्या पैशावर जगत. काँग्रेसमध्ये फिओरेलो ला गार्डिया संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. काही महिन्यांतच कॉर्डने कंपनी विकली. (जिला विकली, तिच्यावरच त्याने वर्षअखेरीपर्यंत ताबा मिळवला, ही गोष्ट वेगळी.)

पण माझ्या मते खरा पेच पुढच्या वर्षी पडला. टपाल खात्याच्या दिवसांपासून मूळ पगार आणि वर मैलामागे काही सेंट अशी रीत चालत आली होती. १९३३ मध्ये बोइंग २४७ आले. जुने तीन इंजिनांचे फोर्ड ताशी शंभर मैलांच्या थोडे पुढे जाई, हे दीडशेच्या पलीकडे. त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी मैलाऐवजी तासावर पगार द्यायचे ठरवले. वरवर पाहता बदल निरुपद्रवी. पण पाचशे मैलांची खेप पाच तासांऐवजी सव्वातीन तासांत झाली, तर कंपनीला त्याच दिवसात आणखी एक खेप मिळते आणि वैमानिकाचे पावणेदोन तासांचे पैसे जातात. यंत्र वेगवान झाले, तर त्या वेगाचे उत्पन्न कोणाचे? इंजिन बनवणाऱ्याचे, विकत घेणाऱ्याचे, की चालवणाऱ्याचे? रेल्वेच्या इंजिनचालकांनी हे भांडण आधीच भांडून मैलाचा दर टिकवला होता. बेन्कीसमोर तोच नमुना होता.

देशव्यापी संपाची धमकी दिली गेली आणि प्रकरण सिनेटर वॅग्नर यांच्या राष्ट्रीय कामगार मंडळापुढे गेले. मे १९३४ मध्ये ‘निर्णय क्रमांक ८३’ आला. त्यात तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या : सेवेच्या वर्षांप्रमाणे वाढणारा मूळ पगार, विमानाच्या वेगाबरोबर चढत जाणारा तासाचा दर आणि वर मैलाचा काही भाग. रात्रीच्या उड्डाणाला जादा दर, आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा. ही मर्यादा मला पगाराइतकीच मोलाची वाटते. वेगाचा फायदा वैमानिकाला थकवून काढायचा नाही, असा तिचा अर्थ. १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याने हा निर्णय पाळणे कंपन्यांना बंधनकारक केले. बाजाराने ठरवलेला नव्हे, वाटाघाटीने ठरलेला दर कायद्यात गेला.

आपल्याकडे २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणे रद्द होत होती, तेव्हा वाद वेगाचा नव्हता, तासांचा होता. एअर इंडियातील विलीनीकरणाच्या नव्या करारात हमीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर आले होते. बाकीचे पैसे प्रत्यक्ष उडाल्यावर. म्हणजे विमान जमिनीवर राहिले तर तो तोटा कोणाच्या खात्यावर, एवढाच प्रश्न होता.