घड्याळजीची जादू : रोबेर-उदँ आणि त्याचा रंगमंच

ज्याँ-यूजेन रोबेर-उदँ (१८०५–१८७१) या फ्रेंच जादूगाराने जादूचा खेळ जत्रेतून उचलून नाट्यगृहात नेला, असे नेहमी सांगितले जाते. हे पूर्ण खरे नाही. त्याच्या आधीही कित्येक जादूगार नाट्यगृहांत खेळ करत होते. त्याचे खरे वेगळेपण निराळ्या गोष्टीत आहे. तो मुळात घड्याळजी होता. वीज, विद्युतचुंबक, ईथर यांची नावे त्या काळी लोकांच्या कानावर नुकतीच पडू लागली होती आणि त्यांविषयीचे कुतूहल व थोडी धास्ती त्याने नेमकी हेरली. लोकांनी ज्याचे नाव ऐकले आहे पण ज्याचे काम पाहिलेले नाही, अशा गोष्टींच्या आडोशाने त्याचे सर्वांत गाजलेले प्रयोग उभे राहिले.

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या ब्लुआ गावी डिसेंबर १८०५ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील प्रॉस्पेर रोबेर गावातले नावाजलेले घड्याळजी. मुलाने मात्र वकिलीच्या वाटेने जावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ऑर्लेआँला शिक्षण झाल्यावर त्याला कायद्याची कागदपत्रे करणाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून ठेवण्यात आले. तिथे त्याचे मन रमेना. दस्तऐवजांपेक्षा यंत्रांच्या खटाटोपात त्याचा वेळ जास्त जाई. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि एका चुलतभावाच्या हाताखाली तो घड्याळाचे काम शिकू लागला.

जादूकडे तो कसा वळला, याची हकिकत त्याने आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहे. फेर्दिनाँ बेर्थू याचा घड्याळशास्त्रावरचा ग्रंथ घ्यायला तो पुस्तकाच्या दुकानात गेला. दुकानदाराने गडबडीत भलतेच दोन खंड बांधून दिले. घरी येऊन पाहतो तर त्यांत वैज्ञानिक करमणुकीचे आणि हातचलाखीचे प्रयोग. ते परत न करता तो रात्रभर वाचत बसला. पुढे तोरिनी नावाच्या फिरत्या जादूगाराने आपला जीव वाचवला आणि विद्या शिकवली, असेही तो लिहितो. या तोरिनीचा मात्र कुठल्याही कागदपत्रात माग लागलेला नाही आणि बहुतेक अभ्यासक त्याला कल्पित पात्र मानतात. रोबेर-उदँचे आत्मचरित्र वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. तो उत्तम लेखक होता. चांगली गोष्ट हाती लागली की तिला आणखी चांगली केल्याशिवाय तो राहत नसे.

१८३० मध्ये सेसील उदँ हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासरे ज्याक-फ्रांस्वा उदँ हे पॅरिसमधले मोठे घड्याळ-कारागीर. त्यांच्याकडे काम करण्यासाठी तो पॅरिसला आला आणि पत्नीचे आडनाव आपल्या नावाला जोडून रोबेर-उदँ झाला. पॅरिसमधली ही पंधरा वर्षे म्हणजे त्याच्या तयारीचा काळ. पारदर्शक काचेच्या तबकडीवर, कोणतेही यंत्र नजरेस न पडता काटे फिरणारी ‘गूढ घड्याळे’ त्याने बनवली. आपोआप हालणाऱ्या यांत्रिक बाहुल्या बनवल्या, इतरांच्या दुरुस्तही केल्या. जादूचे सामान विकणाऱ्या दुकानात बसून जुन्या खेळ्यांकडून हातचलाखीचे बारकावे उचलले. १८४३ मध्ये सेसील वारली. त्यांना आठ मुले झाली, पण जगली तीनच. पुढच्या वर्षी त्याने ऑलिंप ब्राकोनिए हिच्याशी दुसरे लग्न केले. त्याच वर्षी पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने मांडलेली, प्रश्नांची उत्तरे लिहिणारी आणि चित्रे काढणारी यांत्रिक आकृती पाहायला खुद्द राजा लुई-फिलिप आला. ती आकृती पुढे अमेरिकेतल्या पी. टी. बार्नम या खेळ-तमाशांच्या व्यावसायिकाने विकत घेतली.

काउंट द लेस्कालोपिए या रसिक मित्राने दिलेल्या कर्जातून त्याचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले. पॅले-रॉयाल या गजबजलेल्या आवारात वरच्या मजल्यावरच्या खोल्या घेऊन त्याने सुमारे दोनशे प्रेक्षकांची छोटी रंगशाळा बांधली. ३ जुलै १८४५ रोजी ‘स्वारे फाँतास्तिक’ म्हणजे ‘अद्भुत संध्याकाळी’ या नावाने खेळ सुरू झाले. पहिला खेळ फसला. भीतीने त्याची जीभ अडखळत होती. एकसुरी आणि घाईघाईने तो बोलत सुटला. इतका खचला की नाट्यगृह बंद करायचे ठरवूनही झाले. पण मग त्याने स्वतःला सावरले आणि हळूहळू सूर सापडला.

रंगमंचाची त्याची मांडणी पाहण्यासारखी होती. त्या काळचे बरेच जादूगार लांब झगे, टोकदार टोप्या, कवट्या, जमिनीपर्यंत लोळणारे मेजपोस आणि चमचमत्या उपकरणांची रांग असा थाट मांडत. जमिनीपर्यंत कापड सोडलेले मेज म्हणजे त्याखाली मदतनीस दडलेला असणार, हे प्रेक्षकाला न सांगता कळे. रोबेर-उदँने ते सगळे काढून टाकले. पांढऱ्या-सोनेरी रंगात सजवलेला दिवाणखाना, मोजके नाजूक फर्निचर आणि तत्कालीन सभ्य गृहस्थाचा साधा संध्याकाळचा पोशाख. हा पोशाख करणारा तो पहिलाच नव्हता, पण पोशाख, मेज, प्रकाश, संवाद या सगळ्यांना एकाच हेतूने जुळवणारा त्याच्याइतका विचारी माणूस तोवर झाला नव्हता. जादूगार म्हणजे चमत्कारी पुरुषाची भूमिका करणारा नट, ही त्याची धारणा होती, आणि नटासारखाच तो प्रत्येक शब्द घोटून घेत असे.

त्याच्या प्रयोगांत संत्र्याचे झाड सर्वांत देखणे. प्रेक्षकाकडून मागून घेतलेला रुमाल नाहीसा होई. मग मेजावरच्या कुंडीतल्या पानापानांच्या झाडाला आधी फुले येत, नंतर फळे धरत. ती फळे तोडून प्रेक्षकांत वाटली जात. खाऊन पाहावीत तर खरीखुरी संत्री. शेवटचे एक फळ झाडावरच उमले आणि त्यातून दोन फुलपाखरे तोच रुमाल वर उचलून धरत. पोकळ फांद्यांतून दट्ट्यांच्या साहाय्याने रेशमी फुले बाहेर ढकलली जात, आणि खरी संत्री आधीच खिळ्यांवर रोवून पानांच्या आड झाकलेली असत. घड्याळजीचा हात नसता तर हे झाड झालेच नसते.

१८४६ च्या फेब्रुवारीत त्याने मुलगा एमील याच्यासह ‘दुसरी दृष्टी’ हा खेळ आणला. एमीलचे डोळे बांधलेले. बाप प्रेक्षकांत हिंडून वस्तू हातात घेई आणि मुलगा ती अचूक वर्णन करून सांगे. अशा खेळाची कल्पना नवी नव्हती. पण प्रश्नाच्या शब्दांतून खूण दिली जाते, असा संशय लोकांना आला, तेव्हा रोबेर-उदँने शब्दच टाकले आणि नुसती घंटी वाजवू लागला; पुढे घंटीही बाजूला ठेवली. यामागे बापलेकांची प्रचंड मेहनत होती. दुकानांच्या काचांसमोरून चालत जायचे, एका नजरेत मांडलेल्या वस्तू टिपायच्या आणि नंतर किती आठवतात ते पाहायचे, असा दोघांचा सराव चाले.

ईथर हुंगवून वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते, हे १८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बॉस्टनला जाहीरपणे दाखवण्यात आले. वर्षभरातच पॅरिसमध्ये तो विषय सर्वतोमुखी झाला. रोबेर-उदँने १८४७ मध्ये ‘ईथरच्या बळावर तरंगणे’ हा प्रयोग मांडला. ईथर पुरेसे दाट झाले की माणसाचे शरीर फुग्यासारखे हलके होते, असे तो गंभीरपणे सांगे आणि धाकट्या मुलाच्या नाकाशी बाटली धरे. बाटली रिकामीच असे. ईथर पडद्यामागे तापल्या लोखंडावर ओतले जाई, म्हणजे त्याचा वास सभागृहभर दरवळे. मग मुलाच्या खालचे स्टूल काढले जाई, एका काखेतली काठीही काढली जाई, आणि उरलेल्या एका काठीवर फक्त कोपर टेकून तो हवेत आडवा झोपे. कपड्यांच्या आत धातूची चौकट आणि काठीला जोडणारी खटक्याची कळ, एवढेच त्यातले यंत्र. पण वासाने काम असे चोख केले की बापाने पोटच्या पोराचा जीव धोक्यात घातला म्हणून रागावलेली पत्रे येऊ लागली.

या प्रयोगाचे मूळ भारतात आहे. १८३० च्या सुमारास मद्रासमध्ये शेषाल नावाचा ब्राह्मण एका दांड्यावर हात टेकून हवेत मांडी घालून बसल्यासारखा दिसे, आणि त्याची वर्णने इंग्रजी नियतकालिकांतून युरोपभर गेली होती. आजही आपल्याकडे रस्त्यावर दांडा धरून अधांतरी बसलेले खेळकरी दिसतात, तत्त्व तेच. भारतीय खेळाडूने तपश्चर्येच्या बळाचा आडोसा घेतला होता, पॅरिसच्या जादूगाराने त्या जागी रसायनशास्त्र ठेवले.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीने पॅरिसची नाट्यगृहे ओस पडली. तेव्हा तो लंडनला गेला, सेंट जेम्स थिएटरमध्ये खेळ केले आणि व्हिक्टोरिया राणीसमोरही कला दाखवली. तिथे जॉन हेन्री अँडरसन हा जादूगार त्याचा जबर प्रतिस्पर्धी होता. मायदेशी परतल्यावर काही वर्षांतच, १८५२ च्या सुमारास, त्याने रंगशाळा आपल्या शिष्याकडे, आमिल्तोंकडे, सोपवली आणि ब्लुआजवळच्या सँ-जेर्व्हे इथल्या घरी तो राहायला गेला. त्या घरात वीज होती ती यंत्रे चालवण्यासाठी. पाहुण्याने फाटकावरून वर्दी दिली की फाटक दुरून उघडे आणि आत किती माणसे आली हेही घरात कळे. ठरल्या वेळी घोड्याला दाणा आपोआप मिळे. सगळी घड्याळे एकाच विद्युतप्रवाहाने चालत. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात विद्युत-घड्याळांबद्दल त्याला पदकही मिळाले.

पुढच्याच वर्षी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने त्याला अल्जीरियात बोलावले. १८३० पासून फ्रान्स तो देश बळाने गिळत होता आणि तिथले मरबूत, म्हणजे धर्मगुरू, आपल्या चमत्कारांनी लोकांना फ्रेंचांविरुद्ध चेतवतात अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. फ्रेंच जादूगार त्यांच्याहून वरचढ आहे हे दाखवायचे, ही कर्नल द नव्हू यांची योजना. ऑक्टोबर १८५६ च्या अखेरीस अल्जियर्सच्या बाब-अझून नाट्यगृहात टोळ्यांच्या प्रमुखांना बोलावून खास खेळ करण्यात आले.

त्यातला पेटीचा खेळ सर्वांत बोलका आहे. लहानशी पेटी, तळाला लोखंडी पत्रा, आणि रंगमंचाच्या लाकडाखाली विद्युतचुंबक. प्रवाह बंद असला की पोरही ती उचले. सुरू केला की पैलवानालाही ती हलत नसे. पॅरिसमध्ये रोबेर-उदँ ही चोरांपासून बचाव करणारी पेटी म्हणून दाखवत असे. विद्युतचुंबकाची माहिती लोकांत पसरल्यावर त्याने कप्पी आणि दोर जोडून खेळ बदलला, म्हणजे खालच्या चुंबकाचा संशय उरू नये. अल्जियर्समध्ये त्याने पेटीविषयी बोलायचेच सोडून दिले. पुढे आलेल्या धडधाकट तरुणाला त्याने सांगितले की मी तुझी ताकद काढून घेतो. आधी सहज उचललेली पेटी आता जागची हलेना, आणि तो जोर लावून ओढत असतानाच मुठीतून विजेचा झटका देण्यात आला. तरुण किंचाळून पळाला. यंत्र तेच होते, पण एका देशात ते चोरांविषयीची गंमत ठरले आणि दुसऱ्या देशात जिंकलेल्या लोकांचा अपमान करण्याचे साधन. कारागीर म्हणून रोबेर-उदँ कितीही मोठा असला, तरी या कामगिरीचे कौतुक करता येत नाही.

त्याच खेळात त्याने खूण केलेली गोळी आपल्यावर झाडायला सांगितली आणि ती सुरीवर टोचलेल्या सफरचंदातून काढून दाखवली. शेवटी एका तरुणाला शंकूखाली झाकून अदृश्य केले, तेव्हा प्रेक्षक दाराकडे धावले. नंतर दुभाष्यांकरवी प्रमुखांना सांगण्यात आले की यात दैवी काही नाही, सगळे कौशल्य आहे. त्यांनी त्याला सन्मानपत्रही दिले. आपण अल्जीरियातला उठाव टाळला, अशी त्याची आणि त्याच्या चाहत्यांची समजूत पुढे रूढ झाली. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १८५७ मध्ये काबिली प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात आला तो मार्शल राँदोंच्या मोठ्या फौजेने.

उरलेली वर्षे त्याने लेखनात घालवली. १८५८ मध्ये आत्मचरित्र आले, १८६१ मध्ये पत्त्यांच्या जुगारातल्या लबाडीवरचे पुस्तक आणि १८६८ मध्ये हातचलाखीच्या तत्त्वांवरचा ग्रंथ. हा शेवटचा ग्रंथ जादूगारांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला. नेत्रविज्ञानासाठीही त्याने काही उपकरणे बनवली. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात कॅप्टन असलेला मुलगा यूजेन वर्थच्या लढाईत जबर जखमी होऊन मरण पावला. शत्रूसैन्य ब्लुआपर्यंत आले. या धक्क्यातून रोबेर-उदँ सावरला नाही. १३ जून १८७१ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

आत्मचरित्राचा प्रभाव त्याच्यानंतर अधिकच वाढला. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या एरिक वाइस या मुलाने ते वाचले आणि त्यावरून ‘हुडिनी’ हे नाव घेतले. पुढे त्याच हुडिनीने १९०८ मध्ये रोबेर-उदँचे पितळ उघडे पाडणारे पुस्तक लिहिले. रोबेर-उदँचे प्रयोग जुन्यांची नक्कल होते आणि आत्मचरित्र खोटे होते, असा त्यात आरोप आहे. काही तपशिलांत हुडिनी बरोबर होता, पण एकूण निवाड्यात तो अन्यायी ठरला, असे नंतरच्या संशोधकांनी कागदपत्रांनिशी दाखवले.

रोबेर-उदँच्या नावाची रंगशाळा १८५० च्या दशकात बुलव्हार देझितालियाँवर हलली होती. १८८८ मध्ये ती जॉर्ज मेलिएस या तरुण जादूगाराने विकत घेतली. ल्यूमिएर बंधूंचा चित्रपट पाहिल्यावर त्याने १८९६ मध्ये इथेच चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि रंगमंचावरची बाई नाहीशी करण्याची जादू कॅमेऱ्याने करून पाहिली. आपल्याकडे दादासाहेब फाळकेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे खेळ करत, तेव्हा जादूगाराने चित्रपटाकडे वळणे ही एकट्या पॅरिसची गोष्ट नाही. बुलव्हार ओसमान हा रस्ता वाढवण्यासाठी १९२४ मध्ये ती रंगशाळा पाडण्यात आली. ब्लुआ गावात राजवाड्यासमोर १९९८ मध्ये जादूचे संग्रहालय सुरू झाले आणि तिथे रोबेर-उदँची आठवण जपली जाते.