ढालकिड्याच्या पाठीवरचे आभाळ

सात ठिपक्यांच्या लाल ढालकिड्याचा फ्लॅश मारून काढलेला जुना फोटो नीट न्याहाळला, तर त्याच्या पाठीवर आठवा ठिपका सापडतो. पांढराफेक, धारदार काठाचा. बाकीच्या सात ठिपक्यांत काळा रंग असतो. या आठव्यात ना रंग, ना पोत. हे असते फ्लॅशच्या दिव्याचे प्रतिबिंब. दोन फ्लॅश वापरले असतील तर असे ठिपकेही दोन. कीटकांच्या छायाचित्रणाचा इतिहास बऱ्याच अंशी या पांढऱ्या ठिपक्याचा इतिहास आहे. आधी तो कसा उमटला आणि मग लोकांनी तो कसा घालवला, हे समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवातीला प्रश्न वेगळाच होता. कीटक स्थिर बसत नाहीत आणि त्या काळच्या फोटोच्या काचांना प्रकाश भरपूर लागे. 1851 मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचा तुकडा फिरत्या चाकावर चिकटवला आणि विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो घेतला. अक्षरे वाचता आली. वेग गोठवायचा तर कॅमेऱ्याच्या झडपेपेक्षा प्रकाशच क्षणिक हवा, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. पुढचा सगळा फ्लॅश याच तत्त्वावर उभा आहे.

कीटकांपर्यंत ही ठिणगी पोहोचायला अर्धशतक गेले. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मॅरे यांनी 1869 च्या सुमारास गांधीलमाशीच्या पंखांच्या टोकांना सोन्याचा वर्ख लावला आणि उन्हात ती टोके हवेत इंग्रजी आठचा आकडा काढतात हे डोळ्यांनी टिपले. फोटो मात्र त्या वेळी निघाला नाही. ठिणग्यांच्या उजेडात तो 1904 मध्ये त्यांचेच सहकारी लुसियन बुल यांनी मिळवला. फिरत्या पिंपावर फिल्म गुंडाळायची, ओळीने ठिणग्या पाडायच्या आणि कीटक उडाला की त्यानेच यंत्र चालू करायचे, अशी ती योजना. सेकंदाला हजारांहून जास्त चित्रे मिळत. पण त्या होत्या नुसत्या सावल्या. माशीचा पंख कुठे वळतो ते कळे. तिचा रंग, तिचे केस, डोळ्यांची चमक यांतले काही कळत नसे.

ज्यांना रंगरूप हवे होते, त्यांनी कीटक मारून घेतले. अमेरिकेत डेव्हिड आणि मॅरियन फेअरचाइल्ड या दाम्पत्याने 1914 मध्ये ‘बुक ऑफ मॉन्स्टर्स’ हे पुस्तक काढले. लांबलचक भात्याचा कॅमेरा, त्यापुढे मांडणी करून ठेवलेला मृत नाकतोडा किंवा कोळी, आणि बराच वेळ उघडे ठेवलेले भिंग. चित्रे आजही थक्क करतात. पण त्यांतला एकही पाय चालत नव्हता.

दरम्यान दिव्याची प्रगती होत होती. 1887 मध्ये जर्मनीत अडॉल्फ मीथं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटसारख्या द्रव्यात मिसळून फ्लॅशची भुकटी तयार केली. भडका, धूर, भाजण्याची भीती. फुलावर बसलेल्या फुलपाखरापुढे ते चालणे शक्यच नव्हते. 1929 च्या सुमारास काचेत बंद असलेला फ्लॅश बल्ब आला. धूर गेला, पण प्रत्येक फोटोला एक बल्ब जळून फुकट जाई. खरी कलाटणी मिळाली ती 1930 च्या दशकात एमआयटीतल्या हॅरल्ड एजर्टन यांच्या कामाने. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि वायू भरलेल्या नळीतून ती एका झटक्यात सोडायची. आजच्या प्रत्येक फ्लॅशगनमध्ये हेच घडते.

या वाटेवरचे शिखर गाठले ब्रिटनच्या स्टीफन डाल्टन यांनी. 1970 च्या दशकाच्या आरंभी उडते कीटक रंगीत आणि लख्ख टिपायचा त्यांनी ध्यास घेतला. बाजारातले फ्लॅश त्यासाठी फार मंद होते. म्हणून एका इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याच्या मदतीने त्यांनी सेकंदाच्या सुमारे 25,000 व्या भागात चमकून विझणारा फ्लॅश बनवून घेतला. कीटकाने प्रकाशाचा झोत ओलांडला की कॅमेरा आपोआप चालू होई. 1975 च्या ‘बॉर्न ऑन द विंड’ या पुस्तकात ही चित्रे आहेत. त्यांतले फुलांजवळ उडणाऱ्या कीटकाचे एक चित्र 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेले. पृथ्वीची ओळख म्हणून अंतराळात पाठवलेल्या चित्रांत एका किड्याला जागा मिळाली, ही गोष्ट कीटकप्रेमींनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

वेग हाती आला, तरी पांढरा ठिपका राहिलाच. उलट तो वाढला.

याला एक उसना उपायही कारणीभूत होता. 1952 मध्ये लेस्टर डाइन यांनी दातांचे फोटो काढण्यासाठी भिंगाभोवती बसणारा गोल फ्लॅश केला. तोंडाच्या पोकळीत सावली पडू नये, एवढाच हेतू. निकॉनने 1962 मध्ये डॉक्टरांसाठी आणलेल्या मेडिकल-निक्कोर भिंगातही असा गोल फ्लॅश बसवलेला होता. निसर्ग-छायाचित्रकारांनी ही वस्तू आनंदाने उचलली, कारण ती हाताळायला सोपी होती. पण हिरड्यांना जे मानवले ते भुंग्याला मानवले नाही. सावल्या गेल्या तसा उठावही गेला आणि चकचकीत पाठीवर ठिपक्याऐवजी कडे उमटू लागले.

मुळात कीटकाची पाठ घाटातल्या वळणावर लावलेल्या फुगीर आरशासारखी असते. समोरचा जवळजवळ सगळा परिसर तिच्यात आक्रसून दिसतो. ढगाळ दिवशी तिच्यात पांढुरके आभाळ उतरते आणि ते हळूहळू विरत जाते. म्हणून रंग खुलतो आणि गोलाई कळते. उघड्या फ्लॅशचा दिवा जेमतेम सहासात सेंटिमीटर रुंद. दूर धरला तर त्याचा होतो ठिपका. पण तोच प्रकाश कीटकापासून हातभरही नव्हे तर वीतभर अंतरावर धरलेल्या मोठ्या पांढऱ्या कागदातून आला, तर सेंटिमीटरभर लांबीच्या जीवासाठी तो कागदच आभाळ होतो. कागद नुसता फ्लॅशच्या तोंडाला चिकटवून भागत नाही. त्याचा आकार मोठा हवा, तो जवळ हवा आणि प्रकाश त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला हवा. मऊपणाचे सारे गणित या तीन गोष्टींत आहे.

हे गणित कळूनही लोक बिचकत, कारण कागद किती प्रकाश खातो ते मोजायचे कसे? फ्लॅशचा आकडा आणि अंतर यांचा हिशेब मांडायचा, भाता लांबवला की पुन्हा नवा हिशेब, आणि फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहायची. ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय 1975 च्या ऑलिंपस ओएम-2 ला द्यावे लागेल. फिल्मवर पडून परतणारा प्रकाश हा कॅमेरा मोजत असे आणि पुरेसा झाला की जोडीचा फ्लॅश बंद करत असे. मधे कागद असो की प्लॅस्टिक, हिशेब कॅमेऱ्याचा. पुढे डिजिटल कॅमेऱ्याने निकाल तिथल्या तिथे दाखवला आणि घरोघरी प्रयोग सुरू झाले.

ट्रेसिंग पेपर, फिल्मच्या पांढुरक्या डब्या, दुधी प्लॅस्टिकचे डबे, चिप्सची नळकांडी आतून चकचकीत असतात म्हणून ती, थर्माकोलचे पेले. प्रकाश पसरवून मऊ करणारा हा पडदा म्हणजे डिफ्युझर. कोणत्याही कंपनीच्या तयार डिफ्युझरची वाट न पाहता हौशी लोकांनी कात्री आणि चिकटपट्टी घेऊन तो बनवला. या विषयाचा सर्वांत लोभस भाग हाच.

मऊ प्रकाश फुकट मिळत नाही. कीटक प्रत्यक्षाइतकाच मोठा टिपायचा आणि भिंगाचे छिद्र एफ-11 ठेवायचे, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दीड मिलिमीटर मिळते. तरीही सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश एफ-22 इतका कमी होतो. त्यात डिफ्युझर आपला वाटा घेतो. मग फ्लॅशची ताकद वाढवावी लागते. आणि आजच्या छोट्या फ्लॅशगनमध्ये ताकद वाढवणे म्हणजे चमक लांबवणे. कमी ताकदीवर जी चमक सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागात आटपते, ती पूर्ण ताकदीवर हजाराव्या भागाच्या आसपास जाते आणि मिशी हलली की फोटो पुसट होतो. म्हणून डिफ्युझर कीटकाच्या शक्य तितका जवळ आणतात. अंतर निम्मे झाले की प्रकाश साधारण चौपट मिळतो आणि ताकद उतरवता येते. भर दुपारी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटायला लावणारी काळी पार्श्वभूमी मात्र डिफ्युझरने जात नाही. तिच्यासाठी कीटकामागे एखादे पान असलेला कोन शोधावा लागतो किंवा सेन्सरची संवेदनक्षमता वाढवून थोडा दिवसाचा उजेड मिसळावा लागतो.

प्रकाशाची ही निगा कुठवर जाऊ शकते, ते लेव्हन बिस यांच्या 2016 मधल्या ‘मायक्रोस्कल्प्चर’ प्रदर्शनात दिसले. ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक घेऊन त्यांनी शरीराच्या एकेका भागाला वेगळा प्रकाश दिला. एका चित्रामागे 8,000 हून अधिक छायाचित्रे. तपशिलाची कमाल, पण विषय पुन्हा मृत. पानावर बसलेल्या जिवंत ढालकिड्याचा एका चमकेत काढलेला, पाठीवर मऊ आभाळ असलेला फोटो त्याहून मोलाचा आहे. तो काढून झाल्यावर ढालकिडा मावा खायला मोकळा असतो.

आपल्याकडे अशा फोटोंचा उपयोगही आहे. आयझॅक किहिमकर यांच्या 2008 मधल्या ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’सारख्या पुस्तकांनी जाळी आणि टाचणीऐवजी कॅमेरा घेऊन फुलपाखरे ओळखायला शिकवले. बंगळूरचे शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या सार्वजनिक संग्रहात सर्वसामान्यांनी काढलेले फोटो अभ्यासाच्या नोंदी ठरतात. पावसाळ्यात परसात, बांधावर, सोसायटीच्या कुंपणावर कीटकांची गर्दी होते. एक जुना फ्लॅश आणि ट्रेसिंग पेपरचा ताव घेऊन बाहेर पडा, किड्याला हात न लावता फोटो काढा, आणि फोटोसोबत जागा व तारीख न विसरता लिहून ठेवा.