आधी दम, मग वेग

डोणगावात पहाटे पोलीस भरतीची पोरं रोज 1600 मीटर जीव तोडून पळतात. हजारालाच पाय भरून येतात. हा इतिहास त्यांच्यासाठी.

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये झाटोपेकने तीन सुवर्णपदकं जिंकली. त्याचा भर 400 मीटरच्या वेगवान फेऱ्यांवर. न्यूझीलंडच्या लिडियार्डने मात्र क्रम ठरवला: आधी आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर एरोबिक पळणं, वेगाचा अ‍ॅनारोबिक सराव स्पर्धा जवळ आल्यावर. 1960 ला रोममध्ये त्याच्या स्नेलने 800 आणि हालबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी मिळवलं.

कारण साधं आहे. पाच-सहा मिनिटांच्या 1600 मीटरलाही बहुतांश ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच मिळते. म्हणून बरेच दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश पळा. घड्याळ आठवड्यातून एकदाच लावा.