पाऱ्याला पुरून उरलेले
समुद्रात तेल सांडलं तर जीवाणू ते खातात, त्यातल्या कार्बनचा अखेर वायू होतो. धातूचं तसं नाही. पारा जळत नाही, कुजत नाही, कुणाच्या पोटात जिरत नाही. त्याचं रूप बदलतं आणि ठिकाण बदलतं, एवढंच. म्हणून जीवाणूंनी पारा साफ केला असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो : मग तो गेला कुठे?

जीवाणू पाऱ्याला पुरून उरतात, हे माणसाच्या नजरेस आलं ते रुग्णालयात. खरचटलं की लावायचं ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, पाऱ्याचंच. वॉर्डांतही पाऱ्याची जंतुनाशकं सर्रास वापरात होती. १९६० च्या सुमारास दिसू लागलं, की पेनिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस बऱ्याचदा पाऱ्यालाही दाद देत नाहीत. दोन्ही गुण एकाच प्लाझ्मिडवरून, म्हणजे जीवाणू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या सुट्या कड्यावरून, येत होते.

तिकडे जपानमध्ये एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मिनामाताच्या कोळ्यांची घरं उद्ध्वस्त होत होती. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातल्या डॉ. हाजिमे होसोकावा यांनी त्या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. तरी कारखान्यातली पारा वापरणारी प्रक्रिया थांबायला १९६८ उजाडलं. त्याच वर्षी केन्झो तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी पारायुक्त कीडनाशकाने दूषित झालेल्या मातीतल्या एका स्यूडोमोनासबद्दल लिहिलं : तो वाढत असलेल्या द्रवातला पारा वाफ होऊन निघून जात होता.

हे घडतं कसं, ते पुढच्या दशकांत उलगडलं आणि ते विलक्षण आहे. विषापासून पेशीने दूर राहावं, अशी आपली अपेक्षा. इथे उलट. पाऱ्याचा सुगावा लागताच एक प्रथिन जनुकांची सगळी रांग जागी करतं. दुसरी प्रथिनं पारा मुद्दाम आत ओढून घेतात. एक विकर कार्बन-पाऱ्याचा बंध तोडतं, दुसरं पाऱ्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतं, आणि उरलेला धातुरूप पारा पेशीतून निसटून जातो. सैबेरियाच्या हजारो वर्षं गोठलेल्या जमिनीतल्या जीवाणूंतही ही जनुकं सापडली. म्हणजे कारखान्यांच्या कितीतरी आधी, ज्वालामुखी आणि उष्ण झऱ्यांच्या पाऱ्याशी झुंजताना ही विद्या कमावली गेली असणार. आपण विष ओतून तिचे वारस वाढवले.

आणि सगळेच जीवाणू आपल्या बाजूचे नाहीत. १९६९ मध्ये स्वीडनच्या येन्सन आणि येर्नेलोव्ह यांनी दाखवलं, की गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्यापासून जहाल मिथिल पारा बनवतात. त्यामागची जनुकं सापडली ती २०१३ मध्ये.

हवेत उडालेला पारा पावसाबरोबर परत येतो, म्हणून उघड्या खाडीत पाऱ्याची वाफ करणारे जीवाणू सोडून भागत नाही. मिनामातात १९७७ ते १९९० या काळात गाळ उपसून भराव घातला, सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार झाली. पारा तिच्याखाली आहे. जीवाणूंचं खरं काम कारखान्याच्या नळाशी. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या इरेने वाग्नर-ड्योब्लर यांच्या गटाने २००० च्या सुमारास कॉस्टिक सोडा कारखान्यांचं पारायुक्त सांडपाणी अशा जीवाणूंच्या टाकीतून नेलं. खाद्य म्हणून साखर आणि यीस्टचा अर्क, बसायला सच्छिद्र दगडाचे कण. पारा थेंबांच्या रूपात त्या कणांतच अडकला, काढून घेता येईल असा. मला ही रीत पटते, कारण इथे पाऱ्याचा पत्ता शेवटपर्यंत माहीत असतो.

आपल्या किनाऱ्यावरही ही वंशावळ पोचली आहे. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एन. रामय्या आणि जयशंकर डे यांनी २००३ मध्ये भारताच्या किनारी पाण्यात पारारोधी जीवाणूंची असाधारण वाढ नोंदवली. त्यांच्यातले काही कॅडमियम आणि शिसंही निष्प्रभ करतात, असं पुढे दिसलं. शुद्धीकरणाला ते उपयोगी पडतीलही. पण इतके वाढले, याचा अर्थ पाण्यात पारा येतो आहे.