गळतीचा हिशेब

भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. हिंदुस्थानातला विजेचा कायदाही त्याच वर्षीचा. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. खोपोलीत टाटांनी १९१५ साली सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढून मुंबईच्या गिरण्यांना दिली. प्रवरेचं पाणी मात्र खालच्या शेतीसाठी होतं. १९२६ मध्ये धरण पुरं झालं आणि त्याला गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव मिळालं. पायथ्याशी १२ मेगावॉटचा वीजसंच आला तो थेट १९८०च्या दशकात.

त्याआधी, १९६९ साली, या दगडी भिंतीला तडे गेले आणि गळती वाढली. मग मागच्या बाजूने भक्कम टेकू बांधून ती सावरली. भिंतीतून झिरपणारं पाणी मोजायचं असतं, हे धरण बांधणाऱ्यांना ठाऊक असतंच. घरातल्या विजेच्या बाबतीत मात्र हा विचार यायला फार उशीर झाला.

घरात आधी आला फ्यूज. तो माणसासाठी नाही, वायरसाठी आहे. ५ अँपिअरचा फ्यूज ५ अँपिअरपर्यंतचा प्रवाह निवांत वाहू देतो. ओल्या हाताने, अनवाणी उभं राहून २३० व्होल्टला स्पर्श केला, तर अंगातून साधारण पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. हृदय थांबायला तेवढा पुरतो आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबीचंही तेच.

दुरुस्तीवाल्यांचा लाडका सिरीज बोर्डही याच घराण्यातला. बिघडलेल्या मिक्सरच्या आधी बल्ब जोडला की शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, बल्ब लख्ख पेटतो. युक्ती झकास आहे, पण १०० वॉटचा बल्ब चारशेहून जास्त मिलिअँपिअर वाहू देतो. तो मिक्सर वाचवतो, हात नाही.

किती प्रवाह सोसतो, हे अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. हाताची मूठ सोडवता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांत त्याहून कमी. तिकडे दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींसाठी काम करणाऱ्या आंरी रुबिन यांनी १९५५–५६ मध्ये गळती ओळखणारं यंत्र बनवलं. स्टिलफाँटेन या खाणगावातल्या काहीशे घरांत १९५७–५८ साली ते बसलं, २० मिलिअँपिअरला तुटणारं. तत्त्व साधंच: फेजमधून जितकं गेलं, तितकंच न्यूट्रलमधून परत यायला हवं. कमी आलं, तर ते कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातंय. आजचा आरसीसीबी हाच हिशेब ठेवतो.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत गळतीसंरक्षण होतं, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे बंगल्याला सक्ती आणि दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही असलेल्या घराला सूट. घाटघर-रतनवाडीकडच्या पावसात भिंती ओल धरतात, जमीन महिनोनमहिने सुकत नाही आणि कित्येक खेड्यांत तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची वायरच नसते. सवलत नेमकी कुणाला मिळाली, हे कागद लिहिणाऱ्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

घरी जुना रेडिओ किंवा चार्जर उघडून बसणाऱ्यांनी यंत्राची मर्यादाही ओळखावी. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आणि पाय लाकडी पाटावर असतील, तर गेलं तितकंच परत येतं. आरसीसीबीच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं, तर दिवा विझतो आणि होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते. प्लग उपसून बाजूला ठेवायचा. छताच्या दिव्याचं काम असेल, तर मेन स्विच पाडायचा आणि मग टेस्टर लावायचा. तो टेस्टरही आधी चालू सॉकेटवर पेटतो का, हे बघून घ्यायचं. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबल्यावर खटका पडला नाही, तर डबी बदलायची.