श्वास, करुणा आणि कारागृह

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत घडलेला नानावटी खटल्यातील प्रसंग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असेल. पत्नीच्या तोंडून तिच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधाची कबुली ऐकल्यावर हे नौदल-अधिकारी दुपारी दीडच्या सुमारास घराबाहेर पडले. पत्नीस व मुलांस त्यांनी चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतले आणि चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्या पुरुषावर गोळ्या झाडल्या. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव पुढे आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निर्णयात तो मान्य केला नाही. मध्ये जवळजवळ तीन तास गेले होते, आणि मनावर पुन्हा ताबा मिळविण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दंडसंहितेच्या ३०० व्या कलमातील हा अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमात आला. तत्त्व तेच राहिले.

येथे एक गोष्ट आमच्या मनात नेहमी घोळत राहते. क्रोध आणि कृती यांच्यामध्ये अवकाश असतो, हे कायदा ओळखतो. तो अवकाश मनुष्याने वापरला नाही तर त्यास शिक्षाही करतो. परंतु तो वापरावयाचा कसा, हे शिकविणे कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते काम आपल्या देशात फार पूर्वीपासून दुसऱ्याच कोणाकडे सोपविलेले होते.

शरीराच्या व्यापारांत श्वास हा मोठा विलक्षण आहे. हृदयाचे ठोके आपल्या आज्ञेत नाहीत, अन्नाचे पचन आपणांस विचारून होत नाही. श्वास मात्र निद्रेत आपला आपण चालतो आणि जागेपणी आपले ऐकतो. रागात तो आखूड होतो, भयात अडकतो, समाधानात लांबतो. मनाचे दार उघडत नसेल तर या खिडकीतून आत डोकावता येते, हे ज्यांनी प्रथम जाणले त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. छांदोग्य व बृहदारण्यक या उपनिषदांत मात्र इंद्रियांचा श्रेष्ठत्वाविषयी कलह होऊन शेवटी प्राणाचीच सरशी होते, ही कथा आहे. मुंज झालेल्या मुलास आपण आजही संध्येतील प्राणायाम शिकवितो. तो बापडा नाकपुडी दाबून, डोळे मिचकावीत, जेवणाच्या पानाकडे लक्ष ठेवून अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. आणि वडील मंडळींचा वेग त्याहूनही अधिक असतो, हे देवळाच्या अग्रशाळेत पहाटे उठून पाहणाऱ्यास सांगावयास नको.

परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न कसे होते याचा विचार आला आहे. तेथे ३३ व्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत, आणि लागलीच ३४ व्या सूत्रात श्वास बाहेर टाकणे व रोखणे हा उपाय आला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री आणि दुःखी माणसाविषयी करुणा यांना लागूनच श्वास बसलेला आहे. सूत्रकार हे पर्याय म्हणून देतात, हे खरे; पण हा शेजार आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. पुढे प्राणायामाचे शास्त्र वाढले, कुंभकाच्या मात्रा मोजल्या जाऊ लागल्या, आणि मैत्री-करुणेचे सूत्र पाठांतरापुरते उरले. विद्या वाढली की तिच्या शाखा एकमेकींस ओळखीनाशा होतात.

याच चार भावना बौद्धांच्या ग्रंथांत ब्रह्मविहार या नावाने येतात. आणि त्या वाटेने आमच्या प्रदेशातील ज्या पुरुषाने प्रवास केला, त्याचे नाव धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी नारळीच्या बागा व प्रपंच सोडून हा तरुण पुणे, काशी, नेपाळ असे पायपीट करीत सिंहलद्वीपास पोहोचला, तेथे १९०२ मध्ये त्याने श्रामणेर-दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास केला, आणि ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचाही अनुभव घेतला. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस मासिक साहाय्य दिले. पुढे ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले आणि हार्वर्डलाही गेले. तेथे त्यांनी ज्या ग्रंथाच्या संपादनावर श्रम केले तो बुद्धघोषाचा विसुद्धिमग्ग, म्हणजे पाचव्या शतकातील ध्यानमार्गाचा महाग्रंथ. कोसंबींचे निधन १९४७ साली सेवाग्राम येथे झाले, आणि हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये निघाली. आपल्या माणसाने आयुष्याचा एवढा भाग ज्या पोथीस दिला, तीत आहे तरी काय, हे आपल्याकडील किती जणांनी विचारले असेल?

त्या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. त्यांत आनापानसती म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान आहे, आणि चार ब्रह्मविहारही आहेत. मैत्रीची शिकवण तेथे फार व्यवहारी रीतीने दिलेली आहे. प्रथम स्वतःचेच कल्याण चिंतावे, मग आदरणीय व प्रिय माणसाचे, मग ज्याच्याशी आपले देणेघेणे नाही अशाचे, आणि सर्वांच्या शेवटी शत्रूचे. शत्रूपासून आरंभ करू नये, असे स्पष्ट बजावले आहे. धार्मिक उपदेशात पहिल्याच दिवशी शत्रूवर प्रेम करावयास सांगण्याची जी घाई पुष्कळदा दिसते, तिच्यापेक्षा ही पायरी आम्हांस मनुष्यस्वभावाच्या अधिक जवळची वाटते. करुणा ही उपजत देणगी नव्हे, ती अक्षरओळखीप्रमाणे क्रमाक्रमाने शिकावयाची विद्या आहे, असे हा ग्रंथ गृहीत धरतो. कोसंबींनी मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन स्वतः कारावास भोगला, ही गोष्ट येथे सहज आठवते.

बडोद्याशी आणखी एक धागा जुळतो. डभईस १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्यास माणिकरावांकडे व्यायामाची आणि नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजींकडे योगाची दीक्षा घेतली. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्षकिरणांच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी आरंभिली, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. श्वासविद्येस प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून देणारा हा पुरुष महाराष्ट्राने विसरू नये. मात्र यंत्रास रक्तदाब कळतो, करुणा कळत नाही. तो विषय येथेही बाजूस राहिला.

ही दोन सूत्रे पुन्हा एकत्र आली ती एका अनपेक्षित ठिकाणी, सरकारी कचेरीत. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकौंटंट जनरल ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे गृहस्थाश्रमी होते. साया थेजी नावाच्या एका शेतकरी गुरूपासून १९३७ मध्ये ते ध्यान शिकले. लाचलुचपतीस ज्यांचा धाक वाटे असा हा अधिकारी आपल्या कचेरीतील मंडळींस ध्यान शिकवू लागला, आणि १९५२ मध्ये रंगून येथे त्याने ध्यानकेंद्र उभारले. त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेत जन्मलेले एक मारवाडी व्यापारी, सत्यनारायण गोयंका, आले. त्यांस अर्धशिशीचा दुर्धर विकार होता. मॉर्फिनच्या सुया घ्याव्या लागत, आणि परदेशांतील वैद्यांचे उपाय थकले होते. केवळ डोकेदुखीसाठी ही विद्या मागावयाची असेल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांस सांगितले. गोयंका सनातनी हिंदू घरातले. आपला धर्म बुडेल की काय, अशी भीती त्यांसही वाटली होती. आमच्या काही वाचकांच्या मनात हाच प्रश्न आता उभा राहिला असेल, तर मागे सांगितलेल्या ३३ व्या सूत्राकडे त्यांनी पुन्हा पाहावे.

१९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू झाले. दहा दिवसांच्या या शिबिरात पहिले तीन-साडेतीन दिवस नुसता नैसर्गिक श्वास पाहावयाचा असतो. तो लांबवावयाचा नाही, रोखावयाचा नाही. नाकपुडीशी त्याचा स्पर्श जाणावयाचा. नंतर शरीरभरच्या संवेदना तटस्थपणे पाहणे, आणि शेवटी सर्व प्राण्यांविषयी मंगलमैत्री. श्वासापासून निघून मैत्रीपाशी पोहोचणारा हा क्रम आहे.

आता कारागृह. राजस्थानचे गृहसचिव रामसिंह यांनी स्वतः शिबिर करून पाहिले, आणि १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठी ते भरविण्याचे ठरविले. वर्ष ध्यानात घ्यावे. आणीबाणी पुकारली गेली होती, आणि विनाचौकशी डांबलेल्यांनी देशातील तुरुंग भरत होते; त्याच वर्षी एका तुरुंगात ध्यानाचा प्रवेश झाला. इतिहासास अशा विसंगतीचा संकोच नसतो. अडचणी उभ्या राहिल्या त्या नियमावलीच्या. बाहेरच्या माणसाने रात्री तुरुंगात राहावयाचे नाही. आणि शिक्षकाने तर दहा दिवस तेथेच राहिले पाहिजे. त्यावर वाट निघाली. मग काही धोकादायक कैद्यांस बेड्या घालून समोर आणले गेले. बेड्या घातलेल्या माणसांस मुक्तीची विद्या कशी शिकवावी, असे म्हणून गोयंकांनी त्या काढण्याचा आग्रह धरला. सुरक्षेची जबाबदारी वाहणाऱ्यांस ते रुचणे शक्यच नव्हते; तरीही बेड्या निघाल्या, आणि शिबिर निर्विघ्न पार पडले.

वकिलीच्या दृष्टीने हा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे तीनच वर्षांनी, ३० ऑगस्ट १९७८ रोजी, सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांस दांडा-बेड्या घालण्याच्या अधिकारावर कडक मर्यादा घातल्या आणि तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे ठामपणे सांगितले. जयपुरात दहा दिवसांपुरते एका शिक्षकाच्या आग्रहाने जे घडले, ते येथे हक्काच्या भाषेत आले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आग्रहाने मिळालेली सवलत अधिकारी बदलला की जाते, हक्क तसा जात नाही. हा भेद ध्यानाचा पुरस्कार करणाऱ्यांनी विसरता कामा नये. जयपुरातच त्याचा प्रत्यय आला: १९७७ च्या दुसऱ्या शिबिरानंतर कारागृहांतील हे कार्य दहा-बारा वर्षे जवळजवळ थांबले.

ते पुन्हा सुरू झाले गुजरातेत, बडोद्याच्या कारागृहातही, १९९० नंतरच्या वर्षांत. आणि १९९३ मध्ये दिल्लीच्या तिहारला किरण बेदी कारागृह-महानिरीक्षक म्हणून आल्या. तिहार म्हणजे क्षमतेच्या कित्येक पटींनी भरलेला तुरुंग, आणि त्यातील बहुतेक जण ज्यांचा गुन्हा शाबीत व्हावयाचा आहे असे कच्चे कैदी. बेदींनी प्रथम कैद्यांना बसविले नाही. आधी आपल्या कर्मचाऱ्यांस शिबिरास पाठविले. त्यानंतर नोव्हेंबर १९९३ मध्ये तिहारात पहिले शिबिर झाले, आणि एप्रिल १९९४ मध्ये स्वतः गोयंकांनी एक हजारांहून अधिक कैद्यांचे शिबिर घेतले. पुढे तिहारात कायमचे केंद्रही निघाले. शिबिरानंतर कैदी व पहारेकरी गळ्यात गळा घालून रडल्याची दृश्ये १९९७ च्या एका माहितीपटामुळे जगभर गेली.

त्या अश्रूंवर आमचा अविश्वास नाही. तथापि कच्चा कैदी शांत झाला म्हणून त्याच्या खटल्याची तारीख जवळ येत नाही. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत असे लोक आढळले होते की, त्यांच्यावरील आरोपास जेवढी कमाल शिक्षा असेल त्याहून अधिक काळ ते खटल्यावाचून खितपत पडले होते. अशा माणसास शासनाने श्वास पाहावयास शिकविणे आणि वकील न देणे, यास करुणा म्हणता येणार नाही. क्रोध आवरावयाचा तो दुसऱ्याचे गळे वाचावेत म्हणून. अन्याय सोसता यावा म्हणून नव्हे.

आणि या इतिहासात करुणा शिकावयाची ती कोणी? १९७७ मध्ये हिरालाल मल्लिक विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर असा आरोपी होता, ज्याचे वय गुन्ह्याच्या वेळी अवघे बारा वर्षांचे होते. शिक्षेचा विचार करताना न्यायमूर्तींनी कारागृहांत ध्यानाचा उपयोग व्हावा असे आवर्जून लिहिले, आणि उच्च न्यायासनावरून या विद्येस एवढा आदर क्वचितच मिळाला असेल. पण ती शिफारस कैद्यापुरती होती. तुरुंगाधिकारी, सरकारी वकील, आरोपीचा वकील, आणि वर बसलेले न्यायमूर्ती यांनीही दहा दिवस डोळे मिटून बसावे, असे त्या निर्णयात सुचविलेले नाही. तिहारात सोळा वर्षांनी कर्मचारी आधी बसले, कैदी मागून.