काळा ठिपका, पांढरा ठिपका

दिल्लीत निगेटिव्ह सांभाळायच्या म्हणजे धुळीशी कायमचं वैर. मे-जूनमधली आंधी बंद कपाटांनाही सोडत नाही. याच शहरात वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९४२ साली मुंबईहून आल्या आणि १९७० पर्यंत राजधानीतल्या घडामोडी स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यांनी टिपत राहिल्या. त्यांचा संग्रह आज दिल्लीतल्याच अल्काझी फाउंडेशनकडे आहे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. असा ठेवा स्कॅन करताना तो आधी लख्ख करावा, असं कुणालाही वाटेल. पण सगळी धूळ एका जातीची नसते. फोटो काढतानाच कॅमेऱ्यात फिल्मवर कण बसला असेल, तर तेवढ्या जागी प्रकाश पोहोचत नाही. निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक राहते आणि छापात काळा ठिपका उमटतो. नंतर बसलेली धूळ मात्र स्कॅनरचा प्रकाश अडवते आणि पांढरी दिसते. काळा ठिपका त्या दिवसाचा (किंवा डेव्हलपिंगमध्ये चिकटलेल्या बुडबुड्याचा), पांढरा बहुधा नंतरच्या हेळसांडीचा. पांढरा काढावा, काळा मूळ प्रतीत ठेवावा.

हा निवाडा यंत्रावर सोपवता येत नाही. धूळ हटवणारे स्कॅनर अवरक्त किरण वापरतात. रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांतून ते किरण आरपार जातात, धूळ आणि ओरखडे त्यांना अडवतात. त्यावरून घाणीचा नकाशा तयार होतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही त्यांना अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रच घाण वाटतं. म्हणून आधी फुंकणी आणि मऊ ब्रश, मग पडद्यावर एकेक ठिपका डोळ्यांनी पाहणं. वेळखाऊ आहे खरं, पण ठिपक्याचा रंग पाहायला माणूस थांबतो तो त्यामुळेच.

ग्रेनचं, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाचं काय? वर्तमानपत्राच्या जाड हाफटोन ब्लॉकमध्ये तो वाचकाला कधी दिसलाच नाही, मग आज गुळगुळीत केला तर बिघडलं कुठे, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. पण ब्लॉकने ग्रेन झाकला, निगेटिव्हमधून काढला नाही. चित्र त्या चांदीच्या कणांचंच बनलेलं आहे. जानेवारी १९४८ मधल्या गांधीजींच्या अंत्ययात्रेसारख्या गर्दीत मागच्या रांगेतला चेहरा मोजक्या कणांवर उभा असतो. सॉफ्टवेअर सरासरी काढतं आणि त्याचे नाकडोळेच नाहीसे होतात. शिवाय स्कॅनमध्ये दिसणारा सगळा खरखरीतपणा फिल्मचा नसतो. रेझोल्यूशन अपुरं असलं की कणांचे खोटे, जाडे पुंजके उमटतात. एकाच दिशेने येणारा कडक प्रकाश ग्रेन आणि ओरखडे दोन्ही ठळक करतो. प्रकाशाचा हा गुण कॅलिए या संशोधकाने १९०९ मध्येच दाखवला होता. तेव्हा उपाय स्कॅनच्या आधीच करावा: पसरट प्रकाश, पुरेसं रेझोल्यूशन, शार्पनिंग बंद. एकच निगेटिव्ह अनेकदा स्कॅन करून सरासरी काढली तर यंत्राची खरखर जाते, ग्रेन जागच्या जागी राहतो. प्रदर्शनासाठी कुणाला गुळगुळीत प्रत हवी असेल तर ती वेगळी काढावी.

जुन्या स्टुडिओंच्या पोर्ट्रेटमध्ये आणखी एक पेच आहे. रिटचर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवी. तिच्या रेघांनी छापात सुरकुत्या उजळत. शिसं आणि मळ यांतला फरक घाईत कळत नाही. त्या रेघा पुसल्या, तर पैसे मोजून घालवलेल्या सुरकुत्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर परत येतात.